तळ्यांचे राजे : सिंहल राजवटी आणि आपला दख्खन

वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याला एक शिलालेख सापडला आहे. काळ शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५८ च्या आसपासचा. वत्सगुल्माच्या वाकाटक शाखेचा देवसेन तेव्हा गादीवर होता. त्याच्या हाताखालच्या स्वामिल्लदेवानं एक तळं बांधलं आणि त्याला सुदर्शन हे नाव दिलं, अशी ती नोंद. त्याच पिढीत, समुद्रापलीकडे लंकेतल्या अनुराधपुरात धातुसेन नावाचा राजा कलावेव हे विस्तीर्ण तळं बांधून घेत होता. आपल्याकडच्या तळ्याची आठवण एका दगडापुरती उरली. कलावेव मधल्या शतकांत मोडकळीला आलं, एकोणिसाव्या शतकात दुरुस्त झालं आणि आजही भाताला पाणी देतं.

मंठा तालुका या इतिहासाच्या ऐन मधल्या पट्ट्यात येतो. पश्चिमेला सातवाहनांचं पैठण, पूर्वेला वाकाटकांचं वाशीम, उत्तरेला लोणार. आपल्याच जालना जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावं थेट सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर कोरलेली सापडतात. तेव्हा सिंहल राजांचा विचार मंठ्यात बसून करायला दूरचं निमित्त शोधावं लागत नाही. त्या राजांची ओळख नुसत्या लढायांवरून करून घेतली तर ती अर्धीच राहते, असं माझं मत आहे. पाणी, भिक्खुसंघ आणि नोंद ठेवण्याची सवय या तीन गोष्टींवर ती राज्यं उभी होती. आणि या तिन्ही बाबतींत दख्खनची त्यांच्याशी सोयरीक होती.

आपल्या मनातली लंका रामायणातून आलेली. रावण गेला, बिभीषण गादीवर बसला आणि आपल्यापुरती लंकेची गोष्ट संपली. सिंहल लोकांची स्वतःची गोष्ट मात्र एका सिंहापासून सुरू होते. ‘महावंस’ या पाली ग्रंथात ती आहे. सिंहाचा मुलगा सिंहबाहू, त्याचा दांडगा मुलगा विजय. प्रजेनं तक्रार केली म्हणून बापानं विजयाला सातशे साथीदारांसह गलबतात घालून देशाबाहेर काढलं. हे गलबत लंकेला लागण्याआधी ‘सुप्पारक’ बंदरात थांबलं. सुप्पारक म्हणजे आपलं नालासोपारा. तिथंही साथीदारांनी उच्छाद मांडला, जीव धोक्यात आला, तेव्हा पुन्हा शिडं उभारून विजय ताम्रपर्णीला, म्हणजे लंकेला, पोहोचला. परंपरा या आगमनाचं साल इसवी सनापूर्वी ५४३ मानते आणि दिवस बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचाच.

विजय खरोखर होऊन गेला असं मानायला ठोस आधार नाही. त्याचा ‘लाळ’ देश गुजरातेतला लाट की बंगालमधला राढ, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. सोपाऱ्याचा मुक्काम मात्र पश्चिमेकडे बोट दाखवतो. ‘महावंस’ पाचव्या-सहाव्या शतकात महानाम नावाच्या भिक्खूनं रचला. लंकेला निघालेलं जहाज सोपाऱ्याला थांबतं, हे त्याला अगदी स्वाभाविक वाटलं असणार. ते बंदर होतंच तसं. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथं १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सापडला आणि तिथला स्तूपही त्याच वर्षी खणला गेला. अशोकाच्या काळच्या धर्मदूतांची यादी ‘महावंस’ देतो, तीही पाहण्यासारखी आहे. अपरान्तात, म्हणजे कोकणपट्टीत, योनक धम्मरक्खित गेला. महारट्ठात महाधम्मरक्खित आला. आणि लंकेत महिंद उतरला. महाराष्ट्र आणि लंका एकाच यादीत, एकाच मोहिमेत.

सिंहलची दुसरी गोष्ट आपल्या घरातच, अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात रंगवलेली आहे. मुख्य दालनात शिरलं की उजव्या हाताची भिंत जवळजवळ सगळी तिनंच व्यापली आहे. सिंहल नावाचा व्यापारी पाचशे सोबत्यांसह समुद्रात निघतो, गलबत फुटतं, सगळे ताम्रद्वीपाच्या किनाऱ्याला लागतात. तिथल्या देखण्या बायका राक्षसिणी निघतात. एक पांढरा उडता घोडा सिंहलला पाठीवर घेऊन सुटका करतो. त्याच्या मागावर आलेली राक्षसीण राजाला भुलवते, राजवाड्यात शिरते आणि रातोरात सगळ्यांना खाऊन टाकते. मग लोक सिंहललाच राजा करतात आणि तो सैन्य घेऊन बेटावर चालून जातो. त्या स्वारीचं दृश्य जवळून बघावं. होड्यांमध्ये हत्ती उभे आहेत, घोडेस्वार भाले रोखून आहेत, किनाऱ्यावर राक्षसिणी कोसळताहेत. जुन्या पुस्तकांत या चित्राला ‘विजयाचं लंकेत आगमन’ म्हणत. पुढे ते ‘सिंहलावदान’ असल्याचं नक्की झालं. ‘दिव्यावदाना’त ही कथा आहे, ह्युएन त्संगनंही ती नोंदवली आहे. बेटाला सिंहलद्वीप हे नाव या सिंहलमुळे पडलं, असं ती सांगते. म्हणजे एका बेटाच्या नावाचे दोन उगम. एक लंकेतल्या महाविहार या मठाच्या भिक्खूंनी जपलेला राजपुत्राचा, दुसरा वाकाटक हरिषेणाच्या मांडलिकाच्या लेण्यात रंगलेला व्यापाऱ्याचा. दख्खनच्या लोकांना सिंहल ठाऊक होतं ते जहाजं, तांडे आणि नफातोट्यातून, असं या भिंतीसमोर उभं राहिल्यावर मला ठामपणे वाटतं.

तिसरी गोष्ट प्राकृतातली. इसवी सन ८०० च्या सुमारास कोऊहल कवीनं ‘लीलावई’ हे काव्य माहाराष्ट्री प्राकृतात लिहिलं. कोल्हापूरच्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती १९४९ मध्ये काढली. काव्याचा नायक पैठणचा सातवाहन राजा हाल, नायिका सिंहलची राजकन्या लीलावती. हालाचा सेनापती विजयानंद सिंहलकडे निघतो, वाटेत जहाज फुटतं आणि तो गोदावरीच्या मुखाजवळच्या तीर्थाला लागतो. लीलावतीच्या बापाचं नाव शिलामेघ. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं इथं थबकावं, कारण अनुराधपूरचे राजे ‘सिरिसंघबोधी’ आणि ‘सिलामेघवण्ण’ ही दोन राजनामं आळीपाळीनं धारण करत. म्हणजे कवीनं नाव हवेतून काढलेलं नाही, सिंहल दरबाराचा रिवाज त्याच्या कानावर होता. पुढे पोलोन्नरुवा या नंतरच्या सिंहल राजधानीत लीलावती नावाची खरीखुरी राणी झाली. पहिल्या पराक्रमबाहूची ही विधवा १२००च्या आगेमागे एकदा नव्हे, तीनदा गादीवर बसली. या दोन लीलावतींचा संबंध नाही, पण योगायोग नोंदवल्यावाचून राहवत नाही.

आता त्या राजांच्या स्वतःच्या नोंदींकडे. ‘दीपवंस’, ‘महावंस’ आणि त्याची पुढची भर ‘चूलवंस’ मिळून दोन हजारांहून अधिक वर्षांचा सलग राजवृत्तांत उभा राहतो. आपल्याकडे सातवाहनांची वंशावळ लावायला पुराणं, नाणी आणि नाणेघाट-नाशिकचे लेख जुळवत बसावं लागतं. तिकडे कोणत्या राजानं किती वर्षं राज्य केलं, कोणतं तळं खोदलं, कोणत्या विहाराला काय दिलं, हे एका हाती मिळतं. या वृत्तांताचं आपल्यावरही मोठं ऋण आहे. खडकांवरच्या आज्ञांमधला ‘पियदसी’ राजा कोण, हे कोडं १८३७ मध्ये सुटलं ते जॉर्ज टर्नर यांनी सिंहलच्या पाली ग्रंथांतून अशोकाचं ते नाव दाखवून दिलं तेव्हा. अशोक आपल्याला परत मिळाला तो लंकेच्या भिक्खूंनी जपलेल्या पोथ्यांमुळे.

या ग्रंथांचा कलही तितकाच स्पष्ट आहे. लिहिणारे महाविहाराचे. त्यामुळे महाविहाराला देणगी देणारा राजा थोर, प्रतिस्पर्धी अभयगिरी विहाराला जवळ करणारा वाईट. महासेनाचं उदाहरण घ्या. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस या राजानं महाविहाराशी उभा दावा मांडला, म्हणून वृत्तांत त्याच्यावर रुष्ट आहे. पण त्यानंच मिन्नेरियाचं प्रचंड तळं बांधलं. त्याच्याच काळात सुरू झालेला जेतवन स्तूप मूळचा सुमारे १२२ मीटर उंच होता. प्राचीन जगात त्याहून उंच म्हणजे गिझाचे दोन पिरॅमिड. भिक्खूंनी दोष दिलेल्या या राजाला मिन्नेरियाच्या शेतकऱ्यांनी देव करून टाकलं. पोथीपेक्षा पाण्याची आठवण वेगळी निघाली, आणि दोन्ही वाचल्याशिवाय महासेन कळत नाही.

सगळ्यात नाजूक भाग दुट्ठगामणी आणि एळार यांचा. एळार हा चोळ देशातून आलेला तमिळ राजा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्यानं अनुराधपुरावर ४४ वर्षं राज्य केलं. त्याच्या न्यायाची कथा ‘महावंस’च सांगतो. राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडलं, गाईनं न्यायाची घंटा वाजवली आणि एळारानं स्वतःच्या मुलाला तीच शिक्षा दिली. दक्षिणेच्या रुहुणातून निघालेल्या दुट्ठगामणीनं त्याला युद्धात मारलं. पण त्याच्यावर सन्मानानं अंत्यसंस्कार केले, तिथं चैत्य उभारला आणि त्या जागेवरून जाताना वाद्यं बंद ठेवावीत असा दंडक घातला. याच ग्रंथात पुढे युद्धातल्या हत्यांनी राजाचं मन पोळतं. तेव्हा आठ अर्हत येऊन सांगतात की मेलेल्यांत खऱ्या अर्थानं माणसं म्हणावीत अशी दीडच होती, बाकीचे श्रद्धाहीन. हा मजकूर वाचताना आजही अंगावर काटा येतो. विसाव्या शतकातल्या सिंहली-तमिळ संघर्षात ही कथा वांशिक युद्धाची आद्यकथा म्हणून वापरली गेली. तो संघर्ष पेटण्याच्या उंबरठ्यावर, १९७९ मध्ये, रणवीर गुणवर्धन या सिंहली इतिहासकारानं ‘सिंहल’ ही ओळख शतकानुशतकं कशी घडत आणि बदलत गेली हे मांडलं. प्राचीन सिंहल राजांवर लिहिणाऱ्या कुणालाही हे काम टाळून पुढे जाता येणार नाही.

राजकीय वाटचाल थोडक्यात सांगता येते. पंडुकाभयानं अनुराधपूर राजधानी केलं. अशोकाचा समकालीन देवानंपिय तिस्स बौद्ध झाला. संघमित्तेनं बोधिवृक्षाची फांदी आणली, तो वृक्ष अनुराधपुरात आजही आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वट्टगामणी अभयाच्या कारकिर्दीत, दुष्काळ आणि परचक्राच्या धास्तीनं, तोवर तोंडपाठ असलेला त्रिपिटक पहिल्यांदा लिहून काढला गेला. चौथ्या शतकात बुद्धाचा दंतधातू कलिंगातून आला, आणि दात ज्याच्या ताब्यात तोच खरा राजा हा संकेत रूढ झाला. उत्तरेचा राजरट, दक्षिणेचा रुहुण आणि मधला डोंगराळ मलय असे तीन भाग. रुहुण हा हरलेल्या राजांचा आसरा आणि नव्या दावेदारांचा उगम. मधले थोडे खंड सोडले तर हजार वर्षांहून अधिक काळ अनुराधपूर हे एकच शहर राजधानी राहिलं. पैठण, वत्सगुल्म, वातापी, मान्यखेट, कल्याणी, देवगिरी अशी आपली राजधान्यांची यादी डोळ्यांपुढे आणली की हे स्थैर्य किती दुर्मीळ आहे ते लक्षात येतं.

हे स्थैर्य आलं कुठून? उत्तर पाण्याकडे जातं. अनुराधपूर श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात आहे. तिथं वर्षाला पाऊस पडतो तो ढोबळ मानानं जालना जिल्ह्याच्या दुप्पट, म्हणजे त्यांचा कोरडा मुलूख आपल्याला ओलाच वाटेल. पण त्यांचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी. पुढे उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत आभाळ जवळजवळ कोरडं आणि बाष्पीभवन जबर. पीक भाताचं. पाणी साठवल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून ओढ्यानाल्याच्या उतारावर एकाखाली एक अशी तळ्यांची साखळी त्यांनी बांधली. वरच्या तळ्याचा सांडवा आणि शेतातून निथळलेलं पाणी खालच्या तळ्यात, तिथून आणखी खालच्या. गावतळ्याची रचनाही बारकाईची. वरच्या अंगाला गाळ अडवणारे खड्डे आणि गवताचा पट्टा, काठाला वारा अडवून बाष्पीभवन कमी करणारी झाडं, पाळीच्या मागे क्षार शोषून घेणारी ‘कट्टकाडुव’ नावाची दलदलीची झाडी. आपल्याकडे पाझर तलाव दहा-पंधरा वर्षांत गाळानं भरतो आणि मग पोकलेन लावून गाळ काढायची योजना येते. त्यांनी गाळ तळ्याच्या तोंडाशीच अडवला होता.

मोठ्या तळ्यांत खरी करामत मोरीची. पाळ उंच, पाणी खोल, मग तळाच्या मोरीवर दाब इतका की झडप उघडणं अवघड आणि सुटलेलं पाणी पाळच उखडेल. यावर त्यांनी ‘बिसोकोटुव’ काढलं. पाळीच्या आतल्या बाजूला दगडी बांधणीची चौकोनी विहीर, पाणी आधी तिच्यात येतं, तिथं जोर मोडतो, तिथंच झडपेनं आवर घालता येतो, मग ते मोरीतून बाहेर. ब्रिटिश काळात लंकेच्या पाटबंधारे खात्यात काम केलेले हेन्री पार्कर ही जुनी बांधकामं पाहून थक्क झाले आणि त्यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात त्यांचं सविस्तर वर्णन केलं. कलावेवपासून अनुराधपुरापर्यंतचा योध एल हा कालवा सुमारे ८७ किलोमीटरचा. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात दर किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर उतार आहे. पाटाला पाणी चढत नाही म्हणून लेव्हल काढता काढता घाम फुटलेल्या कुणालाही या आकड्याचं मोल सांगायला नको.

एवढं काम कुणी केलं, यावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. १९५७ मध्ये कार्ल विटफोगेल यांनी सिद्धान्त मांडला की मोठं पाटपाणी म्हणजे मोठी नोकरशाही आणि मोठी नोकरशाही म्हणजे निरंकुश राजा. दोनच वर्षांत एडमंड लीच यांनी लंकेचंच उदाहरण घेऊन त्याला उत्तर दिलं. लीच यांनी पुल एलिया या लहान गावात राहून अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं, बहुतेक तळी गावानं बांधली, गावानंच राखली. राजाची प्रचंड बांधकामं राजधानीच्या वैभवासाठी होती, आणि राजा बुडाला तरी गावतळं चालत राहिलं. शिलालेख लीच यांच्या बाजूनं बरंच बोलतात. ‘वापिहमिक’, म्हणजे तळ्याचा मालक, ही पदवी अगदी सुरुवातीच्या ब्राह्मी लेखांत आहे, आणि हे मालक राजे नव्हेत. तळ्याच्या पाण्यावरचा वाटा विहाराला दिल्याचे लेखही आहेत. २००५ नंतर रॉबिन कॉनिंगहॅम आणि त्यांच्या श्रीलंकन सहकाऱ्यांनी अनुराधपूरच्या भोवतालचा प्रदेश पायाखाली घातला. तेव्हा दिसलं की शहराबाहेर बाजारपेठा आणि कचेऱ्या फार नाहीत, विहार मात्र जागोजाग आहेत. खेड्यांना राजधानीशी बांधणारा दुवा भिक्खुसंघ होता, असा त्यांचा निष्कर्ष. मला हा निष्कर्ष पटतो, कारण तो राजा, गाव आणि संघ तिघांनाही जागा देतो. आपल्या नाशिक लेण्यांतही याची समांतर खूण आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळच्या लेखात भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली आहे, तीतले दोन हजार कार्षापण ‘ओदयंत्रिक’ श्रेणीकडे. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे कारागीर. विहार, पैसा आणि पाण्याचं कसब इथंही एकमेकांत गुंतलेलं होतं.

धातुसेनाचा शेवट ‘चूलवंस’मध्ये आहे आणि प्राचीन राजांच्या गोष्टींत इतकी बोचणारी गोष्ट मी फार थोडी वाचली आहे. दुय्यम राणीचा मुलगा कश्यप, सेनापती मिगाराच्या चिथावणीनं, बापाला कैद करतो आणि खजिना मागतो. धातुसेन म्हणतो, मला कलावेवला न्या, दाखवतो. तळ्यावर नेल्यावर तो मनसोक्त डुंबतो, पाणी पितो, ओंजळ भरून दाखवतो आणि सांगतो की माझं धन ते एवढंच. त्याला भिंतीत चिणून मारतात. वृत्तांतकार इथं एक पूर्वकर्मही जोडतो. कलावेवची पाळ घालताना ध्यानस्थ बसलेला एक भिक्खू हलेना, तेव्हा धातुसेनानं त्याच्यावरच माती लोटायला लावली होती. तळं हेच त्याचं पुण्य आणि तळं हेच त्याचं पाप. हे दोन्ही त्याच पानांवर लिहून ठेवणारा भिक्खू साधा स्तुतिपाठक नक्कीच नव्हता.

बापाला मारून राजा झालेला कश्यप (४७७ ते ४९५) अनुराधपुरात राहिला नाही. त्यानं सिगिरियाच्या सुमारे १८० मीटर उंच कातळावर राजवाडा बांधला, पायथ्याला कारंज्यांच्या बागा केल्या आणि कातळाच्या कुशीत ढगांतून उगवलेल्या स्त्रिया रंगवून घेतल्या. अजिंठ्याची सोळा आणि सतरा क्रमांकाची लेणी नेमकी याच्या थोडी आधीची, हरिषेणाच्या काळातली. सोळावं तर त्याचा मंत्री वराहदेव यानं खोदवलेलं. डोळ्यांची ठेवण, हातातली फुलं, सावली देऊन उठाव आणण्याची पद्धत यांत दोन्हीकडे साम्य आहे. पण एकाच चित्रकारांच्या तांड्यानं दोन्हीकडे काम केलं असं म्हणायला पुरावा नाही, आणि उत्साहाच्या भरात तसं म्हणूही नये. सिगिरियाला अजिंठ्याहून वेगळी एक ठेव लाभली आहे. तिथल्या गुळगुळीत ‘आरसाभिंती’वर पुढच्या शतकांतल्या पाहुण्यांनी त्या चित्रांवर कविता खरवडल्या. सेनरत परणवितान यांनी त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. सामान्य प्रेक्षकांच्या, बायकांच्यासुद्धा, जुन्या सिंहली भाषेतल्या या ओळी म्हणजे राजाच्या वास्तूवर प्रजेनं लिहिलेलं टिपण.

आपल्या ताम्रपटांतले सिंहल राजे वेगळ्याच वेषात भेटतात. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या ८७१ च्या संजान ताम्रपटात त्याचा बाप तिसरा गोविंद याचं वर्णन आहे. लंकेच्या राजानं शरणागती म्हणून स्वतःची आणि आपल्या प्रधानाची अशा दोन मूर्ती पाठवल्या आणि त्या मान्यखेटच्या शिवमंदिरात कीर्तिस्तंभासारख्या बसवल्या. तिसऱ्या कृष्णाच्या ९५९ च्या कऱ्हाड ताम्रपटात सिंहलचा राजा करभार देणाऱ्यांत मोजला आहे आणि रामेश्वरला उंच स्तंभ उभारल्याचं सांगितलं आहे. प्रशस्तीत दिग्विजयाची यादी सिंहलपर्यंत नेण्याची रीतच होती, त्यामुळे हे सगळं शब्दशः घेऊ नये. मूर्तींचा तपशील मात्र इतका खास आहे की काहीतरी राजनैतिक देवघेव झाली असावी, असं मला वाटतं.

पुढच्या काळातला एक प्रसंग सिंहल बाजूनं नोंदलेला आहे आणि त्यात आपला मुलूख येतो. ९९३ मध्ये राजराज चोळानं अनुराधपूर लुटलं. १०१७ मध्ये सिंहलचा राजा पाचवा महिंद चोळांच्या हाती लागला आणि १०२९ मध्ये कैदेतच वारला. विजयबाहूनं १०७० मध्ये चोळांना हाकललं आणि पोलोन्नरुवा राजधानी केली. चोळांचा दुसरा हाडवैरी होता कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य. त्याचा अंमल मराठवाड्यावरही होता. साहजिकच विजयबाहू आणि त्याच्यात दूत येऊ-जाऊ लागले. ‘चूलवंस’ सांगतो की विजयबाहूचे दूत भेटी घेऊन कर्णाटकाकडे निघाले, तेव्हा वाटेत चोळांनी त्यांची नाकं-कानं कापली. पैठण ते पोलोन्नरुवा या वाटेवर चोळ बसले होते, एवढं या एका प्रसंगावरून स्वच्छ कळतं.

पोलोन्नरुवाचा पहिला पराक्रमबाहू (११५३ ते ११८६) म्हणजे या परंपरेचा कळस. पावसाचं पाणी माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळू द्यायचं नाही, हे त्याचं धोरण ‘चूलवंस’ सांगतो आणि त्याच्या नावावर १६३ मोठी व २,३७६ लहान तळी, १६५ बंधारे आणि ३,९१० कालवे मांडतो. यात नव्याबरोबर दुरुस्त केलेलीही आहेत. आकडे फुगवलेले असले तरी जुनी तळी जोडून केलेला पराक्रम समुद्र आजही डोळ्यांसमोर आहे. त्याच्यामागून आलेल्या निस्संकमल्लानं दगडावर स्वतःची स्तुती भरपूर कोरून घेतली. मग गादीची ओढाताण सुरू झाली आणि १२१५ मध्ये कलिंगाचा माघ चालून आला. देवगिरीवर तेव्हा यादव सिंघण होता, दख्खन भरभराटीत होता. राजरट मात्र उजाड झाला. कारणं एकच एक नाहीत. स्वाऱ्या झाल्या, मोठी तळी सांभाळणारे जाणकार पांगले, मोडक्या तळ्यांत डास वाढून हिवताप पसरला, दक्षिण-पश्चिमेच्या ओल्या मुलखात बंदरांचा व्यापार खुणावू लागला. गावतळी कुठं कुठं तग धरून राहिली, पण कलावेवसारखी तळी राजाविना टिकली नाहीत. लीच आणि विटफोगेल दोघांनाही या उजाड झालेल्या राजरटात थोडं थोडं खरं सापडतं.

पुढच्या राजधान्या सरकत गेल्या. दंबदेणिय, यापहुव, कुरुणेगल, गंपोल, मग कोट्टे, जिथून सहाव्या पराक्रमबाहूनं पंधराव्या शतकात सगळं बेट शेवटचं एकछत्री केलं. शेवटी कँडी. १८१५ मध्ये इंग्रजांनी कँडी घेतली. शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह नायक्कर घराण्यातला, दक्षिण भारतातून आलेल्या वंशाचा. तो वेल्लोरच्या कैदेत १८३२ मध्ये वारला. सिंहल गादीवर दक्षिण भारतीय घराणं बसू शकत होतं, हे एळाराची कथा वांशिक चष्म्यातून वाचणाऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावं.

मराठी माणसाला ही परंपरा पुन्हा भेटली ती राजांपेक्षा पोथ्यांच्या वाटेनं. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये लंकेला गेले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल स्थविरांकडे त्यांनी दीक्षा घेतली, पाली शिकले, आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. ‘निवेदन’ या आत्मकथनात हा प्रवास आहे. १९५० मध्ये कँडीला जागतिक बौद्ध परिषद भरली, तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. ज्या दंतधातूवर सिंहल राजांचं राज्य तोललेलं असे, त्या दंतधातूच्या शहरात.

राजे गेले तरी त्यांच्या मुलखात एक गावरीत उरली. तिचं नाव ‘बेत्म’. पेरणीआधी शेतकरी तळ्याची पातळी बघून बैठक घेतात. पाणी कमी असेल तर सगळं लाभक्षेत्र भिजवण्याचा हट्ट सोडतात आणि तळ्यालगतचा तेवढाच पट्टा त्या हंगामाला लावायचा ठरवतात. तो पट्टा मग ज्याच्या मालकीचा त्याचा एकट्याचा राहत नाही. गावच्या प्रत्येक वाटेकऱ्याला त्यात तात्पुरता तुकडा मिळतो, हंगाम संपला की जमीन मूळ मालकाकडे. पाणी सोडायला वेल्विदाने नावाचा पाटकरी असे. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड बागायतीत हेच तत्त्व होतं. पीक सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी पाटकऱ्यानं सोडायचं, तुटीच्या वर्षी कमी फड भिजवायचे. लंकेच्या कोरड्या पट्ट्यातली तळी-गाव पद्धत जागतिक अन्न व कृषी संघटनेनं २०१७ मध्ये जागतिक कृषी वारसा म्हणून मान्य केली. बेत्म तिथं अजूनही काही गावांत पाळतात, तीही कायद्याच्या कागदापेक्षा बैठकीतल्या शब्दावर.